केकवरील नक्षी : राजवाड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, शाळेच्या उभारणीचा आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखकांनीं साक्षेपानें दिला आहे. आम्हीं मात्र एका लहानशा, सर्वांच्या परिचयाच्या वस्तूचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे केकवरील सजावट. बाप्तिस्मा असो, प्रथम ख्रिस्तप्रसाद असो, लग्न असो कीं पुरोहितदीक्षेचा रौप्यमहोत्सव असो, मेजाच्या मध्यभागीं साखरेच्या शुभ्र लेपाचा केक नाहीं असा समारंभ आज आपल्या समाजांत विरळाच.

हा विषय अशा पुस्तिकेस शोभेल काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या वस्तूपायीं गरीब घरास कर्ज काढावें लागतें ती वस्तु लहान म्हणतां येत नाहीं. लग्नाचा केक पांच मजल्यांचा हवा, शेजाऱ्याच्या केकाहून एक हात उंच हवा, ह्या ईर्ष्येनें पुष्कळ कुटुंबें आपल्या शक्तीबाहेर खर्च करितात. दुसऱ्या बाजूस, ज्या हातांनीं नाताळांत नेवऱ्यांस मुरड घातली आणि कुलकुलांवर रेघा उमटविल्या, त्या हातांची विद्या माळ्यावरच्या सांच्यांबरोबर धूळ खात पडली आहे. इतिहास पाहिला असतां असें दिसतें कीं, ही कला श्रीमंतांच्या प्रदर्शनासाठीं जन्मली. परंतु घरच्या हातांत आल्यावरच तिला खरा अर्थ प्राप्त झाला. हेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे. आणि ज्यांस हा छंद घरीं आरंभावयाचा आहे त्यांनीं सुरुवात कोठून करावी, हेंही शेवटीं सांगावयाचें आहे.

शर्करेचा प्रवास

केकच्या सजावटीचा इतिहास म्हणजे मुख्यत्वें साखरेचा इतिहास होय, आणि साखरेचा इतिहास आपल्याच देशांत सुरू होतो. सिकंदर बादशहाचा नौकाधिपति निआर्कस हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत येथें आला होता. मधमाश्यांवांचून मध देणारे बोरू ह्या देशांत आहेत, अशा आशयाची त्याची नोंद ग्रीक ग्रंथकारांनीं जपून ठेविली आहे. उंसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या येथील लोकांनीं साधिली. इसवी सन ६४७ मध्यें चीनच्या बादशहानें ती विद्या शिकण्यासाठीं मगध देशास आपली माणसें पाठविलीं होतीं. संस्कृतांतील शर्करा हा शब्द फारशींत शकर, अरबींत सुक्कर, पोर्तुगीजांत असुकार आणि इंग्रजींत शुगर झाला; आपल्या खंड ह्या शब्दापासून इंग्रजांचा कँडी हा शब्द निघाला. ज्या गोष्टीस आपण विलायती समजतों तिच्या नांवांतच आपल्या देशाची खूण आहे.

अरबांनीं ऊंस भूमध्यसमुद्राच्या कांठीं नेला, आणि क्रूसेडच्या काळांत यूरोपच्या लोकांस साखरेची अधिक ओळख झाली. त्या काळीं तिकडे साखर ही मसाल्यांच्या पंक्तीस बसणारी, औषधें विकणाऱ्यांच्या दुकानीं मिळणारी महाग वस्तु होती. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिआ' ह्या ग्रंथांत उपवासाचा विचार करितांना असा प्रश्न घेतला आहे कीं, गोड औषधी अवलेह घेतल्यानें उपवास मोडतो काय. त्यांचा निर्णय असा कीं, हे पदार्थ मुख्यत्वें पचनासाठीं घेतले जातात, म्हणून त्यांनीं उपवास मोडत नाहीं. मात्र कोणी कपटानें, अन्न म्हणून पुष्कळ खाईल तर गोष्ट वेगळी. हेतूकडे पाहण्याची ही त्यांची दृष्टि आम्हांस पुढें केकच्या विचारांतही उपयोगीं पडेल.

अशी ही दुर्मिळ वस्तु वैभव दाखविण्यासाठीं राजांच्या मेजावर येऊं लागली. १४२९ सालीं इंग्लंडचा बालराजा सहावा हेन्री ह्याच्या राज्याभिषेकाच्या मेजवानींत प्रत्येक पंक्तीबरोबर शोभेचे देखावे आणिले होते. त्यांत संत एडवर्ड व संत लुई ह्या राजसंतांच्या मूर्ति होत्या. १५७४ सालीं फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिस शहरीं गेला. तेथें त्याच्यासाठीं मांडलेल्या मेजावरील ताटें आणि सुऱ्या तर साखरेच्या होत्याच, पण हात पुसण्याचा रुमालही साखरेचाच होता. राजानें तो उचलतांच तो त्याच्या हातांत मोडला. ह्या सर्व वस्तु खाण्यापेक्षां पाहण्यासाठीं होत्या. यजमान किती श्रीमंत आहे हें पाहुण्यास कळावें, एवढाच त्यांचा अर्थ.

मठांतील हात

त्याच काळीं दुसरीकडे हीच कला निराळ्या हेतूनें वाढत होती. सिसिली बेटांत पालेर्मो शहरीं एलोइझा मार्तोराना ह्या बाईनें ११९४ सालीं धर्मभगिनींचा एक मठ स्थापन केला. बदाम आणि साखर वाटून केलेल्या मार्झिपानाचीं फळें बनविण्याबद्दल हा मठ प्रसिद्धीस आला. परंपरा अशी सांगते कीं, एका थोर पाहुण्याच्या आगमनाच्या वेळीं बागेंतील झाडें निष्पर्ण होतीं, तेव्हां धर्मभगिनींनीं संत्रीं व लिंबें मार्झिपानाचीं करून फांद्यांवर टांगलीं. कथा खरी असो वा नसो, त्या फळांस तिकडे आजही मार्तोरानाचीं फळें म्हणतात, आणि सर्व मृतांच्या स्मरणदिनास, म्हणजे २ नोव्हेंबरास, तीं लहान मुलांस देण्याची चाल आहे. पोर्तुगालांतील मठांतही अंड्यांचा पिवळा बलक आणि साखर ह्यांची अनेक पक्वान्नें निघालीं.

येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. राजाच्या मेजावरील साखरेचा रुमाल यजमानाचें वैभव दाखवीत होता. मठांतील साखरेचें संत्रें पाहुण्याचा मान आणि मुलाचा आनंद साधीत होतें. साखर तीच, कौशल्य तेंच. परंतु हेतु निराळा. संत थॉमस ह्यांची कसोटी येथेंही लागू पडते.

गोडामागील कडू गोष्ट

साखर सामान्यांच्या घरीं कशी पोहोंचली, हा इतिहास मात्र सुखाचा नाहीं. कोलंबसानें १४९३ सालच्या आपल्या दुसऱ्या सफरींत ऊंस नव्या जगांत नेला. पुढें ब्राझील व कॅरिबियन बेटांत उंसाचे अफाट मळे उभे राहिले, आणि त्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून लाखों माणसें साखळदंड घालून नेण्यांत आलीं. हे मळेवाले बहुतेक ख्रिस्ती म्हणविणारेच होते, आणि कांहीं धर्मसंघांच्या मळ्यांवरही गुलाम होते, ही गोष्ट लपवून चालणार नाहीं.

ह्या अन्यायाविरुद्ध घरच्या मेजावरूनच एक प्रतिकार झाला, तो आपल्या बायकामाणसांनीं अवश्य जाणावा. १७९१ च्या सुमारास इंग्लंडांत हजारों कुटुंबांनीं गुलामांच्या श्रमाची साखर घरांत आणणें सोडून दिलें. ज्या बायकांस मत देण्याचा अधिकार नव्हता त्यांनीं चहाचा पेला अगोड ठेवून आपलें मत दिलें. पुढें कित्येक घरांतील साखरदाण्यांवर, ही साखर हिंदुस्थानची असून गुलामांनीं केलेली नाहीं, अशा अर्थाचीं अक्षरें असत. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी उठली. १८३९ सालीं परमपूज्य पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनीं गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. १८८८ सालीं ब्राझीलांत गुलामगिरी उठत असतां परमपूज्य पोप तेरावे लिओ ह्यांनीं तेथील महागुरूंस पत्र लिहून त्या कार्याचा गौरव केला. परंतु १८३४ पासून गुलामांच्या जागीं करारावर बांधलेले आपल्याच देशाचे मजूर मॉरिशसच्या मळ्यांवर जाऊं लागले, हेंही इतिहासांत नमूद आहे. आजही बीडसारख्या जिल्ह्यांतून दरसाल बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणारीं ऊंसतोड कामगारांचीं कुटुंबें आपण पाहतोंच. म्हणून जी साखर आपण केकवर पसरतों ती कोणाच्या तरी घामाची आहे, ह्याची जाणीव ठेवून ती वापरावी, वाया घालवूं नये.

लेपापासून मनोऱ्यापर्यंत

आतां प्रत्यक्ष केककडे वळूं. अठराव्या शतकांत इंग्लंडांत घरगुती पाककृतींचीं पुस्तकें निघूं लागलीं. हॅना ग्लास ह्या बाईच्या १७४७ सालच्या पुस्तकांत मोठ्या केकवर लेप देण्याची रीति दिली आहे. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर खूप घोटून, पिसांच्या जुडग्यानें केकवर फासावयाची आणि मंद आंचेवर सुकवावयाची, अशी ती रीति. १७६९ सालीं एलिझाबेथ रॅफल्ड ह्या बाईनें आपल्या पुस्तकांत वधूच्या केकवर आधीं बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा पांढरा थर देण्यास सांगितलें. हे दोन थर आजही पाश्चात्त्य पद्धतीच्या लग्नाच्या केकवर असतात. हीं दोन्ही पुस्तकें बायकांनीं लिहिलेलीं आणि घर चालविणाऱ्यांसाठीं लिहिलेलीं होतीं, हें विसरूं नये.

केक मजल्यामजल्यांचा कसा झाला, ह्याविषयीं लंडनमध्यें एक आख्यायिका आहे. तेथील संत ब्रिजिदेच्या नांवाच्या देवळाचा मनोरा क्रिस्टोफर रेन ह्या वास्तुकारानें १७०३ सालीं पूर्ण केला. तो वर निमुळता होत जाणाऱ्या मजल्यांचा आहे. जवळच राहणाऱ्या थॉमस रिच नांवाच्या भटारी शिकाऊ उमेदवारानें आपल्या लग्नासाठीं त्या मनोऱ्याच्या आकाराचा केक केला, असें परंपरेनें सांगतात. फ्रान्सांत आंतोनां कारेम हा १८३३ सालीं वारलेला पाककलानिपुण गृहस्थ, पुस्तकांतील प्राचीन इमारतींचीं चित्रें अभ्यासून साखरेचीं मंदिरें व पूल उभारीत असे. एकंदरींत केकच्या सजावटीनें आपला आकार इमारतींपासून उसना घेतला, ह्यांत संशय नाहीं.

१० फेब्रुवारी १८४० रोजीं राणी व्हिक्टोरियाचें लग्न झालें. तिच्या केकचें वजन सुमारें ३०० रत्तल, म्हणजे आजच्या मापानें १३६ किलोच्या आसपास होतें. घेर ९ फूट आणि जाडी १४ इंच होती. वर ब्रिटानिया ही देवता वधूवरांस आशीर्वाद देत आहे, वराच्या पायाशीं निष्ठेचें चिन्ह म्हणून कुत्रा आहे आणि वधूच्या पायाशीं पारव्यांची जोडी आहे, असा देखावा होता. कडक वाळणाऱ्या पांढऱ्या लेपास रॉयल आयसिंग हें नांव पडलें तें ह्या राजघराण्याच्या केकांच्या कीर्तीमुळेंच, असा सर्वसाधारण समज आहे.

१८५८ सालीं व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येच्या लग्नांत सहा फुटांहून उंच केक मांडला होता. परंतु त्याचा खालचा मजला तेवढा केकचा, आणि वरचे मजले केवळ साखरेचे होते. सर्व मजले खरोखर खाण्याच्या केकचे असा राजघराण्यांतील पहिला केक १८८२ सालीं राजपुत्र लिओपोल्ड ह्याच्या लग्नांतील होय, असें मानलें जातें. म्हणजे राजघराण्यांतही पोकळ मजल्यापासून भरींव मजल्यापर्यंत येण्यास चोवीस वर्षें लागलीं! पुढें वरचा लहान मजला जपून ठेवून तो पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीं कापण्याची चाल इंग्लंडांत रूढ झाली. भरपूर सुकामेवा घातलेला आणि मार्झिपान व आयसिंगनें चोहोंकडून झांकलेला केक पुष्कळ दिवस टिकतो, म्हणून हें शक्य होई.

घराचें दार उघडलें

राजाची ही कला प्रजेच्या घरीं येण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली, साहित्य स्वस्त झालें. यूरोपांत बीट नांवाच्या कंदापासून साखर निघूं लागली, आणि १८७४ सालीं ब्रिटनमध्यें साखरेवरील कर रद्द झाला. १८४३ सालीं अल्फ्रेड बर्ड ह्या रसायनतज्ज्ञानें बेकिंग पावडर तयार केली, तीही आपल्या पत्नीसाठीं. कारण तिला यीस्ट व अंडीं सोसत नसत. दुसरी, गुप्त विद्या उघड झाली. पूर्वीं आयसिंगची नक्षी ही भटारखान्यांतील वस्तादाकडून चेल्यास मिळणारी विद्या होती. १९२९ सालीं अमेरिकेंत शिकागो शहरीं ड्यूई मॅकिन्ले विल्टन ह्या मिठाईवाल्यानें आपल्या घरच्या जेवणाच्या मेजावर केकच्या सजावटीचे वर्ग सुरू केले. १९३४ सालीं जोसेफ लॅम्बेथ ह्यानें आपल्या पद्धतीचें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. आयसिंगच्या रेघेवर रेघ चढवून उठावदार झालरी काढण्याची ती पद्धति आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

मग दुसरें महायुद्ध आलें. ब्रिटनमध्यें १९४० च्या जानेवारींत साखरेचें नियंत्रण सुरू झालें आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत केकवर आयसिंग देण्यासच बंदी झाली. तेव्हां लग्नांत पुठ्ठ्याचें पांढरें नक्षीदार खोकें मांडीत आणि त्याच्या आंत एक लहानसा साधा केक ठेवीत. तें खोकें भाड्यानें आणून दुसऱ्या दिवशीं परत करीत. ह्या पुठ्ठ्याच्या केकास आम्ही हंसत नाहीं. त्या काळीं शेजारणी आपल्या वांट्याची चिमूटभर साखर आणि मूठभर बेदाणे आणून वधूच्या घरीं देत; तो केक सर्व आळीचा असे. १९४७ च्या नोव्हेंबरांत राजकन्या एलिझाबेथ हिच्या लग्नाच्या ९ फूट उंच केकसाठींही ऑस्ट्रेलियांतील गर्ल गाइड मुलींनीं साहित्य पाठविलें होतें, कारण नियंत्रण चालूच होतें. साखरेवरचें नियंत्रण १९५३ च्या सप्टेंबरांत उठलें.

त्यानंतर हा छंद घरोघर पसरला. १९८० सालीं ऑस्ट्रेलियांतील एका महिला साप्ताहिकानें मुलांच्या वाढदिवसाच्या केकांचें पुस्तक काढलें, तें त्या देशांत अतोनात खपलें. त्यांतील आगगाडी व पोहण्याचा तलाव हे केक सामान्य आयांनीं रात्रीं जागून घरच्या साहित्यानें केले. १९८१ सालीं ब्रिटनमध्यें ह्या कलेच्या हौशी लोकांची एक संघटनाही स्थापन झाली. राजांच्या मेजावर आरंभ झालेली विद्या पांचशें वर्षांनीं मुलाच्या वाढदिवसाच्या मेजावर येऊन पोहोंचली, आणि आमच्या मतें तेथेंच ती आपल्या योग्य जागीं पोहोंचली.

आपल्या घरची पूर्वपीठिका

आपल्याकडे ही विद्या अगदींच परकी नाहीं. पोर्तुगीजांचा अंमल वसईस १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. काजूचें झाड त्यांनींच सोळाव्या शतकांत ब्राझीलहून गोव्याच्या किनाऱ्यास आणिलें. पुढें महाग बदामाच्या जागीं काजू वाटून मार्झिपान करण्याची रीति आपल्या लोकांत रूढ झाली. पास्काच्या सणास मुंबईंत आणि आसपास मार्झिपानाचीं अंडीं करून त्यांवर आयसिंगनें मुलांचीं नांवें घालतात. नाताळांत सांच्यांतून मार्झिपानाचीं फुलें व पानें निघतात. मलबारांत तलश्शेरी येथें १८८३ सालीं मांबळ्ळी बापू ह्या भटाऱ्यानें एका युरोपियन मळेवाल्याच्या नमुन्यावरून नाताळचा केक केला, असें त्या कुटुंबांत परंपरेनें सांगतात.

शिवाय ज्या घरांत रांगोळी, मेंदी आणि चकली आहे त्या घरांत आयसिंगची निम्मी विद्या आधींच आहे. आयसिंग भरावयाचा कागदी कोन म्हणजे मेंदीचा कोनच. त्याच्या टोकास लावावयाची धातूची नोझल म्हणजे सोऱ्यांतील चकलीच्या चकतीची धाकटी बहीण. करंजीस कातण्यानें जी कड काढतात तिला नियमितपणा लागतो. केकच्या झालरीसही तोच लागतो.

आरंभ कसा करावा

ज्यांस हा छंद लावून घ्यावयाचा आहे त्यांनीं पहिला आठवडा केक भाजूंच नये. स्टीलची थाळी उपडी घालावी आणि तिच्या पाठीवर हात बसवावा. नक्षी बिघडली कीं सुरीनें खरवडून तेंच आयसिंग पुन्हा कोनांत भरावें. ह्यांत खर्च थोडा आणि शिक्षण पुष्कळ. साहित्य म्हणाल तर बटर पेपरचे कोन, एक बारीक गोल छिद्राची व एक चांदणीच्या छिद्राची अशा दोन नोझल, आणि एक लवचिक पात्याची बोथट सुरी एवढें पुरे. फिरतें चाक नसेल तर मोठा वाडगा उपडा घालून त्यावर ताटली ठेवावी व हातानें फिरवावी.

रॉयल आयसिंगसाठीं एका अंड्याच्या पांढऱ्या भागास साधारण २०० ते २२५ ग्रॅम बारीक चाळलेली आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे थोडे थेंब लागतात. साखर चाळणें हें कंटाळवाणें पण अत्यावश्यक काम आहे. एक खडा नोझलमध्यें अडकला कीं रेघ तुटते. फार वेगानें घोटूं नये, हवा शिरून बुडबुडे येतात. कच्च्या अंड्यांतून रोगजंतु पोटांत जाण्याचें भय असल्यामुळें, विशेषतः लहान मुलें, गरोदर बायका व वृद्ध ह्यांच्यासाठीं, बाजारांत मिळणारी निर्जंतुक केलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी वापरणें बरें. आयसिंगच्या भांड्यावर सदैव ओलें फडकें घालावें, नाहीं तर वर पापुद्रा धरतो. चमचा उचलला असतां आयसिंगचें टोंक ताठ उभें राहिलें तर तें फुलांस व शिंपल्यांस योग्य. टोंक किंचित् वांकलें तर रेघांस व अक्षरांस योग्य.

प्रथम ठिपका, मग रेघ, मग शिंपला, मग लाट आणि मग झालर, हा क्रम सोडूं नये. गुलाब सर्वांत शेवटीं. बहुतेक नवशिके गुलाबापासून आरंभ करितात आणि आठ दिवसांत कोन टाकून देतात. ठिपका काढतांना दाब थांबवून मगच हात उचलावा. रेघ काढतांना नोझल केकास न टेंकवितां थोडी वर धरावी आणि आयसिंगची दोरी खालीं पडूं द्यावी. ह्या दोन सूत्रांत सर्व विद्या आहे.

प्रत्यक्ष केकवर काम करितांना आधीं जॅमचा पातळ हात द्यावा, त्यावर मार्झिपानाचा थर बसवावा आणि तो निदान एक दिवस सुकूं द्यावा. नाहीं तर केकचा रंग व तेल वर येऊन पांढऱ्या लेपावर डाग पडतात. कोंकणच्या हवेंत एक अडचण आहे. पावसाळ्यांत रॉयल आयसिंग हवेंतील ओल शोषून मऊ पडतें, आणि फ्रिजमध्यें ठेवून बाहेर काढल्यास त्यास घाम येतो. उलट लोण्याचें आयसिंग मे महिन्याच्या उन्हांत ढासळतें. म्हणून लोण्याचें काम पहांटे किंवा रात्रीं करावें, आणि रॉयल आयसिंगची नक्षी कोरड्या ऋतूंत शिकावी.

आणखी एक सूचना. केकवर नांव घालावयाचें तें मराठींत घालावें. आपल्या अक्षरांस शिरोरेषा आहे; ती प्रथम सरळ ओढून घेतली आणि अक्षरें तिच्याखालीं टांगलीं कीं ओळ वांकडी होत नाहीं. कागदावर आपण शिरोरेषा मागाहून देतों, केकवर ती आधीं द्यावी, एवढाच फरक.

उपसंहार

आतां आरंभींच्या मुद्द्याकडे येऊं. हल्लीं लग्नांत जे पांच मजल्यांचे केक दिसतात त्यांतील कित्येकांत एक मजला केकचा आणि चार थर्मोकोलचे असतात. १८५८ चे पोकळ मजले राजवैभवासाठीं होते. १९४० चें पुठ्ठ्याचें खोकें टंचाईमुळें होतें, आणि त्यांत कोणाची फसवणूक नव्हती. आपल्या थर्मोकोलच्या मजल्यांस मात्र ना राज्याचा आधार आहे, ना टंचाईचा. आधार आहे तो केवळ लोक काय म्हणतील ह्या भयाचा. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस संपला तेव्हां पवित्र मरिया मातेनें त्या घरची अडचण ओळखली आणि आपल्या प्रभूनें त्या घराची लाज राखली. त्या मेजवानीचे मजले मोजण्यास तो तेथें गेला नव्हता. ख्रिस्ती शेजाऱ्यानेंही दुसऱ्याच्या लग्नांतील केकची उंची मोजूं नये, आणि आपल्या केकची उंची दुसऱ्यास दाखवूं नये.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं आमची धर्मग्रामांतील आयाबहिणींस, तशीच बंधूंसही, विनंति आहे. माळ्यावरचे जुने सांचे खालीं काढावे, वडीलधाऱ्यांकडून मार्झिपानाचें प्रमाण लिहून घ्यावें, दोन चार घरांनीं मिळून एक थाळी व एक कोन घेऊन बसावें. ज्या घरीं लग्न आहे आणि पैसा नाहीं, त्या घरास शेजारच्या चार घरांनीं एक मजल्याचा, आंतून बाहेरून खरा असा केक करून द्यावा. पुढील पिढीनें आपल्या महोत्सवाची स्मरणिका लिहावयास घेतली तर तींत अशा एका केकची नोंद मिळावी, एवढी इच्छा प्रकट करून आणि आपणां सर्वांवर प्रभूचा आशीर्वाद मागून आम्ही लेखणी आवरतों.